बाळाची आई आणि ती स्वतः

स्मरणिकेसाठी लेख हवा, असा निरोप आला की बालरोगतज्ज्ञाच्या मनात ठरलेले विषय येतात. लसीकरण, अतिसार, वरचे अन्न, परीक्षेचा ताण. यांपैकी बहुतेक विषयांवर यापूर्वी लिहून झाले आहे. या वेळी मात्र मन एका वेगळ्याच व्यक्तीकडे वळले. पंचवीसहून अधिक वर्षे ही व्यक्ती माझ्या तपासणीच्या खोलीत रोज येते, समोरच्या खुर्चीवर बसते, माझ्या सूचना मान डोलावून ऐकते, आणि तरीही माझ्या कागदावर तिची नोंद नसते. ती म्हणजे बाळाची आई.

अगदी नोंद नसते असेही नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाला नाव नसते, म्हणून मनगटावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' असे लिहून पुढे आईचे नाव लिहितात. बारसे झाले की बाळाला स्वतःचे नाव मिळते आणि त्याच दिवशी कागदावरून आईचे नाव जाते. त्यानंतर ती सर्वांचीच 'बाळाची आई' होते. परिचारिका तिला 'मम्मी' म्हणते, औषधवाला 'मम्मी' म्हणतो, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर कित्येक वर्षे मीही तेच म्हणत आले.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात स्त्रीने आपले स्वत्व टिकवणे ही बाळाच्याही आरोग्याची गरज आहे, आणि हे काम तिच्या एकटीवर टाकता येत नाही, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

वजनकाट्याने शिकवलेला धडा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. विवाहानंतर विदर्भातून उज्जैनला आलेली एक तरुणी आपल्या पहिल्या मुलीला घेऊन लसीसाठी आली. मुलीचे जन्मवजन २.८ किलो होते. सहाव्या आठवड्यात ते ३.६ किलो भरले. दहाव्या आठवड्यात काटा ३.८ वरच थांबला. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढावे, अशी आपली अपेक्षा असते. या चार आठवड्यांत सातशे-आठशे ग्रॅम वाढायला हवे होते, ते दोनशेच वाढले.

मी शास्त्रोक्त पद्धतीने सर्व केले. बाळाला तपासले, लघवीची तपासणी सांगितली, दूध पाजताना कसे धरावे ते दाखवले. सासूबाईंनी पावडरच्या दुधाविषयी विचारले, तेव्हा स्तनपानाचे महत्त्व पटवून दिले. निघताना आईला म्हटले, "तुम्ही नीट खा-प्या, काळजी करू नका, दूध येईल." आठवड्याने पुन्हा बोलावले. वाढ होती ४० ग्रॅम.

त्या दिवशी गर्दी कमी होती, म्हणून असेल, मी तिला विचारले, "तुमचं नाव काय?" नाव सासूबाईंनी सांगितले. "आणि तुम्ही कशा आहात?" याचेही उत्तर सासूबाईंनीच दिले, "हिला काय झालंय? सगळं हातात मिळतं." तेव्हा मी बाळाला घेऊन सासूबाईंना परिचारिकेकडे लस टोचायला पाठवले आणि दार ओढून घेतले.

ती बराच वेळ गप्प होती. मग सांगू लागली. बाळ रडते तेव्हा तो आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटतो. रात्री बाळ झोपले तरी तिला झोप येत नाही. लग्नापूर्वी आणि नंतरही ती दहावीच्या वर्गाला गणित शिकवत होती. सातव्या महिन्यात शाळा सुटली, त्यानंतर पुस्तक उघडले नव्हते. "मी आता कोण आहे, तेच मला कळत नाही, मॅडम. दूध आणि दुपटी, एवढंच."

पुढचा प्रश्न विचारायला मला धैर्य गोळा करावे लागले. जीव नकोसा वाटतो का? तिने मान खाली घातली. वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर जायची तिला भीती वाटत होती.

त्याच दिवशी तिला मनोविकारतज्ज्ञ सहकाऱ्यांकडे नेले. प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे निदान झाले. स्तनपान चालू ठेवून देता येईल असे औषध सुरू झाले. पती आणि सासूबाई यांना समोर बसवून आजार समजावून सांगितला. माहेरहून आई येऊन राहिली. तिला एकटे सोडायचे नाही, असे ठरले. सुधारणेला चार महिने लागले आणि त्यात चढउतारही झाले. सहाव्या महिन्यात मुलीचे वजन ६.७ किलो भरले. दोन भेटींत मी फक्त काट्याकडे पाहत राहिले, याची बोच मात्र अजून आहे.

स्वाभाविक काय आणि आजार कोणता?

प्रत्येक नव्या आईला आजारी ठरवण्याचा माझा हेतू नाही. म्हणून थोडा भेद स्पष्ट केला पाहिजे.

पहिली अवस्था स्वाभाविक आहे. डोनाल्ड विनिकॉट हे इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ पुढे मनोविश्लेषक झाले. त्यांनी १९५६ मध्ये असे मांडले की गरोदरपणाच्या अखेरीस आणि नंतरचे काही आठवडे आई बाळात इतकी बुडून जाते की एरवी हीच स्थिती आजार वाटावी. पण या बुडण्यामुळेच तिला बाळाची भूक, थकवा, भीती न सांगता कळते. बाळ वाढते तशी निरोगी आई हळूहळू त्यातून वर येते. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हे वर येणे. बुडायला ती एकटी पुरेशी असते, वर यायला मात्र काठावर कोणी तरी हात दिलेला लागतो.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी १९७३ मध्ये या संक्रमणाला 'मॅट्रेसन्स' असे नाव दिले. आपण त्याला 'आईपणात येणे' म्हणू. मुलगी वयात येते तेव्हा शरीर, मन, नाती, सर्वच बदलते आणि घरातली मोठी माणसे तिला सांभाळून घेतात. आईपणात येणे हा तसाच, किंबहुना त्याहून वेगवान बदल असतो. प्रसूतीनंतर काही दिवसांतच इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांची पातळी झपाट्याने उतरते, त्यात झोप तुटते. २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पहिलटकरणींच्या मेंदूचे गरोदरपणापूर्वी आणि नंतर चित्रण केले गेले. दुसऱ्याचे मन ओळखण्याशी संबंधित भागांतील करड्या द्रव्यात बदल आढळले आणि ते निदान दोन वर्षे टिकले. "बाळ झाल्यापासून मी पूर्वीची राहिले नाही," असे एखादी आई म्हणते, तेव्हा ती शब्दशः खरे बोलत असते.

दुसरी अवस्था म्हणजे तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास येणारे रडू, चिडचिड, हळवेपणा. बहुतेक वेळा हे दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. धीर आणि विश्रांती हाच उपचार.

तिसरी अवस्था नैराश्याची. दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी, कशातच रस न वाटणे, बाळ झोपले असतानाही झोप न येणे, अपराधी वाटणे, बाळाविषयी परकेपणा, मरणाचे विचार. याला उपचार लागतो आणि उपचाराने हा आजार बरा होतो. हजारात एक-दोन मातांना भ्रम, भास, विलक्षण अस्वस्थता अशी तीव्र मनोविकृती जडते. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. तिला 'बाहेरचे' समजून वेळ दवडू नये.

आणि हे सर्व मनाचे आहे असे धरून शरीर विसरू नये. रक्तक्षय, थायरॉईडचे विकार आणि शाकाहारी घरांतून आढळणारी बी-१२ ची कमतरता हीदेखील थकव्याची आणि उदासीची कारणे असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता.

गोव्यातील अभ्यास काय सांगतो?

हे शहरी, सुखवस्तू घरांचे लाड आहेत, असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. त्याचे उत्तर गोव्यात मिळते. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गर्भवती स्त्रियांचा पाठपुरावा केला. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. ज्यांना नैराश्य आले त्यांच्यात गरिबी, पतीशी बिघडलेले नाते आणि मुलगी झाल्याचा विरस, हे घटक ठळक होते. म्हणजे हा आजार सुखवस्तू घरांपुरता तर नाहीच, उलट हलाखीत तो अधिक आढळतो.

२००३ मध्ये याच गटाने दाखवले की नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहा महिन्यांची होईतो वजनाने आणि लांबीने मागे पडण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. माझ्या तपासणीच्या खोलीतला तो अडलेला काटा हेच सांगत होता. २०१७ मध्ये भारतातील ३८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यातही प्रमाण सुमारे २२ टक्के निघाले. लसीसाठी रांगेत बसलेल्या दर पाच मातांमागे एक, असा त्याचा अर्थ.

हे विचार परके नाहीत

आईने स्वतःचा विचार करणे ही पाश्चात्त्य कल्पना आहे, असेही म्हटले जाते. या ठिकाणी पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. त्यांची कन्या मनोरमा १८८१ मध्ये जन्मली. १८८२ च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधवी यांचे निधन झाले, तेव्हा मुलीला वर्षही पुरे झाले नव्हते. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आईवडील पूर्वीच दुष्काळाने नेलेले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना या देशाला स्त्री डॉक्टर हव्यात, असे निक्षून सांगितले. पुढच्या वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. त्यांना स्वतःलाच डॉक्टर व्हायचे होते, पण श्रवणदोष आड आला. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. चौदाव्या वर्षी जन्मलेले आपले बाळ दहा दिवसांत गमावलेली आई ती पदवी घेत होती, आणि लहान मुलीची आई ते पाहत होती.

रमाबाईंचे उदाहरण मी आदर्श म्हणून देत नाही. सर्वसामान्य स्त्रीकडून तेवढी अपेक्षा करणे हा तिच्यावर अन्यायच होईल. शिवाय रमाबाईंनाही हे एकटीने जमले नाही. इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या मठातील भगिनींनी मनोरमेला सांभाळले, आणि त्या मदतीची किंमतही रमाबाईंना मोजावी लागली. मुलीला कोणत्या धर्मविचारात वाढवायचे, यावरून त्यांचे मतभेद झाले. बाळाला हात लावणारा प्रत्येक जण बाळाविषयी मतही बाळगतो, हा अनुभव आजच्या सुनांनाही नवा नाही! तरीही मनोरमा पुढे पदवीधर झाली आणि आईच्याच शारदा सदनात तिने काम केले. आईचे स्वत्व टिकल्याने मुलीचे काही उणे झाले नाही.

आपल्या संतांनी 'मीपण' सोडायला सांगितले, हे खरे. पण जे हाती आलेच नाही ते सोडणार कसे? अहंकार सोडणे वेगळे आणि आपण कोण हे विसरून जाणे वेगळे.

डोहाळे पुरवले, मग?

आपल्या चालीरीतींकडे पाहिले तर त्यांत जाणतेपणा दिसतो. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, अंगाला तेल, हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर मर्यादा. आमच्या मालव्यातही जच्चेला चाळीस दिवस जपतात. डोहाळजेवणाला तर सारे घर तिला विचारते, "तुला काय हवंय?" माझ्या मते हा प्रश्न म्हणजे आपल्या संस्कृतीने गर्भवतीला दिलेला सर्वांत मोठा मान आहे. दुर्दैवाने बाळ जन्मले की तो प्रश्न थांबतो. पुढे विचारतात ते दूध पुरते का, बाळ कोणावर गेले, रात्री का रडले. बाळंतविड्यात टोपडे, दुपटे, झबले असते, तिच्यासाठी क्वचितच काही असते.

माझे पहिले बाळंतपण एम.डी.च्या अभ्यासक्रमातच झाले. तीन महिन्यांनी मी वॉर्डात परतले. "बाळंतपण आणि एम.डी. एकाच वेळी होत नसतं," असे एका वरिष्ठांनी सर्वांसमोर सुनावले. राऊंड लांबला की पान्हा फुटून ॲप्रन भिजे आणि मी छातीशी फाइल धरून उभी राहत असे. घरी माझ्या सासूबाई बाळाला माझे काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजत. एके रात्री मी पुस्तक मिटून रडत बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाळ माझ्याजवळ आहे. तू वाच. दोन पानं वाच, पण वाच." त्या स्वतः चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मला वाटते, त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा माझ्या नावाने हाक मारली.

काय करता येईल?

*आईने*

१. पहिले सहा आठवडे कोणतेही मोठे निर्णय आणि तुलना टाळाव्यात. या काळात हरवल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे.

२. त्यानंतर रोज अर्धा तास तरी असा असावा की ज्यात बाळाचे किंवा घराचे काम नाही. गाणे, वाचन, शिवण, गच्चीवर फेऱ्या, जे पूर्वी आपले होते त्यातले काहीही.

३. एक जुनी मैत्रीण किंवा बहीण अशी असावी, जिच्याशी बाळाखेरीज इतर विषयही बोलता येतील.

४. परिपूर्ण आई होण्याचा हट्ट सोडावा. विनिकॉटच म्हणत, पुरेशी चांगली आई बाळाला पुरते.

*घरच्यांनी*

१. सलग चार-पाच तासांची झोप हे बाळंतिणीचे पहिले औषध आहे. एका वेळचे काढून ठेवलेले दूध पतीने किंवा आजीने वाटी-चमच्याने पाजावे. असे दूध खोलीच्या सामान्य तापमानाला ४ तास आणि शीतकपाटात २४ तास चांगले राहते. मालव्याच्या उन्हाळ्यात ते शीतकपाटातच ठेवावे.

२. पतीने 'मदत' करू नये, आपला वाटा उचलावा. लंगोट बदलणे, ढेकर काढणे, लसीला नेणे यांना आईच लागते असे नाही.

३. मुलगी झाली म्हणून घरात शांतता पसरू देऊ नये. गोव्याचा अभ्यास हेच बजावतो.

४. आज आपल्यापैकी अनेकांच्या सुना-लेकी पुण्यात, बंगळुरूत, परदेशात बाळंत होतात. आजी सहा महिन्यांसाठी जाते आणि तिचा परतीचा दिवस ठरलेला असतो. परतण्यापूर्वी तिच्या जागी कोण, याची व्यवस्था लावूनच निघावे.

*डॉक्टरांनी*

१. प्रसूतीनंतर आई स्वतःच्या डॉक्टरांकडे एखाद-दुसऱ्या वेळी जाते. बालरोगतज्ज्ञाकडे मात्र ती सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात आणि पुढे नवव्या महिन्यात हमखास येते. तिला पाहण्याची संधी सर्वाधिक आपल्यालाच आहे.

२. दोन प्रश्न पुरे होतात. गेल्या महिन्यात मन वारंवार उदास राहिले का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस वाटेनासा झाला का? एकाचे उत्तर जरी 'हो' आले, तरी १९८७ ची दहा प्रश्नांची एडिंबरो प्रश्नावली भरून घ्यावी. तिच्या दहाव्या प्रश्नाचे, म्हणजे स्वतःला इजा करण्याच्या विचाराचे उत्तर एकूण गुण कितीही असोत, स्वतंत्रपणे पाहावे.

३. प्रश्न तिला एकटीला विचारावेत.

४. वजन अडले की दुधाबरोबर मनाचीही चौकशी करावी. स्तनपान थांबवल्याशिवाय उपचार होतात, हे घरच्यांना आवर्जून सांगावे. मनोविकारतज्ज्ञ तत्काळ उपलब्ध नसतील तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा शासकीय क्रमांक कुटुंबाला द्यावा. जीव नकोसा झाला असेल तर तिला एकटे सोडू नये आणि थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी

त्या घटनेनंतर माझ्या तपासणीच्या कागदावर मी एक ओळ वाढवली आहे. बाळाच्या नावाखाली आईचे नाव, आणि त्यापुढे 'आई कशी आहे?' यासाठी थोडी मोकळी जागा. ती जागा भरायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या दिवशी ती रिकामीही राहते, हे कबूल केले पाहिजे. पण भरली जाते तेव्हा बरेच काही कळते.

ती गणिताची शिक्षिका पुढे शाळेत रुजू झाली. मुलीच्या पाच वर्षांच्या लसीसाठी आली तेव्हा पिशवीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि नंबर येईपर्यंत ती बाकावर बसून तपासत होती. परिचारिकेने सवयीने हाक मारली, "चला, मम्मी." तेव्हा मुलीनेच आईचे पूर्ण नाव सांगितले. 

या वर्षी आपल्यापैकी ज्यांच्या घरी पाळणा हलेल, त्या सर्वांचे अभिनंदन. बाळाला पाहायला जाल तेव्हा आधी बाळंतिणीच्या खोलीत जाऊन तिला तिच्या नावाने हाक मारा आणि डोहाळ्यांच्या वेळी विचारला होता तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारा.